सुट्या भागांचे चित्र

प्रस्तावना

भिंतीवर टांगलेला भारताचा नकाशा एकदा छापला गेला, की त्यातील रेषा आणि रंग कायमचे ठरून जातात. एखाद्या राज्याचे नाव बदलले किंवा सीमा बदलली, तर संपूर्ण नकाशा नव्याने छापावा लागतो. संगणकाच्या पडद्यावरील नकाशाला मात्र हे बंधन नसते. त्यातील प्रत्येक राज्य हा स्वतंत्र भाग म्हणून रेखाटलेला असेल, तर उरलेल्या चित्राला धक्का न लावता त्या एकाच राज्याचा रंग, आकार किंवा नाव बदलता येते. ही सोय कशामुळे मिळते, ती वापरताना कोणती दक्षता घ्यावी लागते आणि दक्षता न घेतल्यास सुबक नकाशाही खोटी माहिती कशी देऊ शकतो, याचे विवेचन या पाठात केले आहे. उदाहरणासाठी २०११ च्या जनगणनेवर आधारित साक्षरतेचा नकाशा घेतला आहे.

उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यानंतर तुम्ही –
• बिंदुचित्र आणि सदिश चित्र यांतील फरक सांगू शकाल;
• सदिश चित्रातील भाग, गट आणि ओळखनाव यांचे कार्य स्पष्ट करू शकाल;
• लायब्ररीच्या साहाय्याने चित्राचा एखादा भाग कसा बदलतात, याचे वर्णन करू शकाल;
• आकडेवारी आणि चित्र यांची जोडी जुळवताना होणाऱ्या चुका ओळखू शकाल.

मूळ पाठ

१. चित्र नोंदवण्याच्या दोन पद्धती

अंगणातील ठिपक्यांची रांगोळी दुसऱ्या गावच्या मैत्रिणीला दोन प्रकारे कळवता येते. तिचे छायाचित्र काढून पाठवावे, हा पहिला प्रकार. किती ओळी ठिपके मांडायचे, कोणता ठिपका कोणत्या ठिपक्याला जोडायचा आणि कोणत्या पाकळीत कोणता रंग भरायचा हे लिहून पाठवावे, हा दुसरा प्रकार. छायाचित्रात रांगोळी दिसते. लिहिलेल्या वर्णनात ती घडवण्याची रीत असते. वर्णन हाती असेल तर तीच रांगोळी ताटाएवढी किंवा चौकाएवढी काढता येते आणि एकाच पाकळीचा रंगही सहज बदलता येतो.

संगणकही चित्रे याच दोन पद्धतींनी साठवतो. पहिल्या पद्धतीत पडद्यावरचे चित्र बारीक चौकोनी बिंदूंमध्ये विभागले जाते आणि प्रत्येक बिंदूचा रंग नोंदवला जातो. या बिंदूला पिक्सेल म्हणतात. उभे एक हजार आणि आडवे एक हजार पिक्सेल असलेल्या चित्रात अशा दहा लाख नोंदी असतात. त्यांपैकी कोणत्या नोंदी बिहारच्या आणि कोणत्या झारखंडच्या, हे त्या नोंदींतून कळत नाही. अशा चित्राला बिंदुचित्र म्हणतात. ते फार मोठे केले, की कडा दातेरी किंवा अस्पष्ट दिसू लागतात.

दुसऱ्या पद्धतीत रेषा, वर्तुळ, चौकोन, वक्र यांचे वर्णन अंकांच्या रूपात लिहिलेले असते. हे सदिश चित्र होय. व्यवहारात त्याला व्हेक्टर चित्र असेही म्हणतात. ते कितीही मोठे केले तरी संगणक वर्णनावरून कडा पुन्हा आखतो, म्हणून त्या रेखीव राहतात. मात्र सदिश चित्राचे मोठेपण केवळ या रेखीवपणात नाही. चित्रातील प्रत्येक भाग आपली ओळख टिकवून असतो, हे त्याचे खरे वैशिष्ट्य आहे.

छायाचित्रासाठी बिंदुचित्र हीच योग्य पद्धत ठरते, कारण झाडाच्या पानांचे किंवा माणसाच्या चेहऱ्याचे वर्णन मोजक्या आकारांत मावत नाही. नकाशे, आलेख, यंत्रांच्या आकृत्या, बोधचिन्हे यांसाठी सदिश पद्धत अधिक सोयीची असते.

२. कल्पनेचा उगम

चित्राचे भाग सुटे ठेवण्याची कल्पना संगणकाच्या इतिहासात बरीच जुनी आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत आयव्हन सदरलँड यांनी १९६३ मध्ये आपल्या प्रबंधासाठी ‘स्केचपॅड’ नावाची प्रणाली सादर केली. प्रकाशलेखणीने थेट पडद्यावर आकृती काढण्याची सोय तिच्यात होती. एक मूळ आकृती तयार करून तिच्या अनेक प्रती मांडता येत आणि मूळ आकृतीत बदल केला की सर्व प्रती आपोआप बदलत.

पुढे इंटरनेटचा प्रसार झाल्यावर सर्व संगणकांना समजेल अशा एका समान पद्धतीची गरज निर्माण झाली. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या संस्थेने २००१ मध्ये ‘एसव्हीजी’ हे प्रमाण स्वरूप प्रसिद्ध केले. ‘स्केलेबल व्हेक्टर ग्राफिक्स’, म्हणजे हवे तसे लहानमोठे करता येणारे सदिश चित्र, हे त्याचे पूर्ण नाव. आज प्रचलित असलेले सर्व प्रमुख ब्राउझर हे स्वरूप वाचू शकतात. विशेष म्हणजे एसव्हीजी फाइल हा साधा मजकूर असतो. कोणत्याही साध्या मजकूर-संपादकात ती उघडून वाचता येते.

३. चित्राची अंतर्गत रचना

एसव्हीजी चित्रात आयत, वर्तुळ, लंबवर्तुळ, रेषा यांसाठी ठरावीक घटक असतात. राज्याच्या सीमेसारखी वेडीवाकडी आकृती मात्र यांत बसत नाही. तिच्यासाठी ‘पाथ’, म्हणजे मार्ग, हा घटक वापरतात. लेखणी कागदावर कशी फिरवावी याच्या सूचना मार्गात लिहिलेल्या असतात. ‘एम’ या अक्षरापुढील दोन अंक लेखणी कोठे टेकवायची ते सांगतात. ‘एल’ पुढचे अंक कोणत्या बिंदूपर्यंत सरळ रेषा ओढायची ते सांगतात. ‘सी’ वक्ररेषा दर्शवतो. ‘झेड’ आला की रेषा आरंभबिंदूला जोडून आकृती बंद करायची. महाराष्ट्राची सीमा म्हणजे अशा अनेक सूचनांची एक लांबलचक ओळ असते.

बिंदूंची मोजणी चित्राच्या डाव्या वरच्या कोपऱ्यापासून होते. गणिताच्या पुस्तकातील आलेखात उभे अंतर खालून वर वाढते. येथे ते वरून खाली वाढते. हा फरक न कळल्यास आकृती उलटी दिसते.

प्रत्येक घटकाला एक ओळखनाव देता येते. एका चित्रात तेच ओळखनाव दोन घटकांना देऊ नये, असा नियम आहे. अनेक घटक एकत्र बांधून त्यांचा गट करता येतो आणि गटालाही ओळखनाव देता येते. गटाची आवश्यकता समजण्यासाठी पुदुच्चेरी या केंद्रशासित प्रदेशाचे उदाहरण पाहावे. हा प्रदेश सलग नाही. पुदुच्चेरी आणि कारैकल हे भाग तमिळनाडूच्या किनाऱ्यालगत आहेत, माहे केरळच्या किनाऱ्यावर आहे आणि यानम आंध्र प्रदेशाने वेढलेला आहे. नकाशात हे चार वेगळे आकार असतात. पण प्रशासन एक आणि साक्षरतेचा आकडाही एकच. या चार आकारांचा ‘पुदुच्चेरी’ नावाचा एक गट केला, तर गटाला एकदाच रंग दिला की चारही भाग रंगतात.

येथे एक बारकावा लक्षात ठेवावा लागतो. गटाला दिलेला रंग त्यातील घटकांकडे वारशाने येतो. परंतु एखाद्या घटकाला स्वतःचा रंग आधीच दिलेला असेल, तर तो वारशाचा रंग स्वीकारत नाही. चित्रकाराने माहेला वेगळा रंग देऊन ठेवला असेल, तर गट रंगवल्यावर तीन भाग बदलतील आणि माहे पूर्वीसारखाच राहील. म्हणून गट करताना आतील घटकांचे रंग काढून टाकणे श्रेयस्कर असते.

पाठगत प्रश्न १
(अ) बिंदुचित्रातून एखादे राज्य वेगळे ओळखणे संगणकाला कठीण का जाते?
(आ) पुदुच्चेरीसाठी गट का करावा लागतो?

४. लायब्ररी काय करते?

चित्रातील भाग बदलण्यासाठी संगणकाला आज्ञा द्याव्या लागतात. प्रत्येक कामासाठी सगळ्या आज्ञा मुळापासून लिहिणे कष्टाचे असते. वारंवार लागणाऱ्या आज्ञा आधीच लिहून, तपासून एकत्र ठेवलेल्या असतात. अशा तयार संग्रहाला लायब्ररी म्हणतात. ग्रंथालयाशी तिचे साम्य नावापुरतेच. तिचे खरे साम्य सुताराच्या हत्यारपेटीशी आहे. सदिश चित्रांसाठी ‘राफाएल’ ही लायब्ररी २००८ मध्ये, ‘डी-थ्री’ २०११ मध्ये आणि ‘स्नॅप’ २०१३ मध्ये उपलब्ध झाली. राफाएलचा भर आज्ञांच्या साहाय्याने नवे आकार काढण्यावर होता. चित्रकाराने ‘इंकस्केप’सारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये आधीच काढलेले चित्र उघडून त्यातील भाग निवडण्याची सोय स्नॅपमध्ये आहे.

लायब्ररीचे काम तीन पायऱ्यांत होते. पहिली पायरी, चित्र पानात आणणे. दुसरी, ओळखनावावरून हवा तो भाग शोधणे. तिसरी, त्या भागाचा एखादा गुणधर्म बदलणे. आतील रंग, कडेचा रंग, कडेची जाडी, पारदर्शकता, स्थान हे सर्व गुणधर्म होत. ‘बिहार नावाचा भाग शोध आणि त्याचा आतील रंग फिकट पिवळा कर’ एवढी आज्ञा पुरते. नकाशातील अन्य राज्ये जशीच्या तशी राहतात. वाचकाने एखाद्या राज्यावर बोट ठेवले किंवा माऊस नेला, की त्या राज्याचा आकडा दाखवावा, अशीही आज्ञा त्या भागाशी जोडता येते.

पहिल्या पायरीवर नवशिके बहुधा अडखळतात. छायाचित्राप्रमाणे एसव्हीजी फाइल पानात नुसते चित्र म्हणून लावली, तर ती दिसते. पण पानातील आज्ञा तिच्या भागांपर्यंत पोहोचू शकत नाहीत. दुकानातील काचेच्या कपाटात ठेवलेली वस्तू दिसते, पण हाताळता येत नाही, तसाच हा प्रकार. भाग हाताळायचे असतील, तर चित्राचा मजकूर पानाच्या मजकुरात समाविष्ट करावा लागतो. लायब्ररी फाइल वाचून नेमके हेच काम करते.

५. आकडा आणि आकार यांची गाठ

२०११ च्या जनगणनेनुसार भारतातील साक्षरतेचे प्रमाण सुमारे ७३ टक्के होते. पुरुषांमध्ये ते सुमारे ८०.९ टक्के आणि स्त्रियांमध्ये ६४.६ टक्के होते. केरळमध्ये एकूण प्रमाण ९४.०, गोव्यात ८८.७, महाराष्ट्रात ८२.३ आणि बिहारमध्ये ६१.८ टक्के होते. नकाशासाठी चार छटा ठरवल्या असे समजू. ६५ टक्क्यांहून कमी प्रमाणाला सर्वांत फिकट, ६५ पासून ७५ पेक्षा कमी असल्यास दुसरी, ७५ पासून ८५ पेक्षा कमी असल्यास तिसरी आणि ८५ वा त्याहून अधिक असल्यास सर्वांत गडद छटा. लायब्ररी तक्त्यातील प्रत्येक आकडा वाचते, छटा ठरवते आणि ती संबंधित भागाला देते. त्याच नकाशावर केवळ स्त्रियांची साक्षरता दाखवायची असेल, तर आकार तसेच ठेवून छटा तेवढ्या बदलायच्या. केरळमध्ये स्त्रियांचे प्रमाण सुमारे ९२ टक्के होते, म्हणून ते गडदच राहते. राष्ट्रीय प्रमाण ६४.६ असल्याने देशाचा नकाशा एकूण फिकट होतो. आकड्यांच्या रकान्यातून सहज न जाणवणारे अंतर असे एका दृष्टिक्षेपात कळते.

या टप्प्यावरच सर्वांत मोठा धोका असतो. तक्त्यातील कोणती ओळ चित्रातील कोणत्या भागाची, हे संगणकाला कोणीतरी सांगावे लागते. डी-थ्री लायब्ररीला जोडी कोणत्या खुणेवरून जुळवायची हे सांगितले नाही, तर ती क्रमानुसार जोड्या लावते. पहिली ओळ पहिल्या भागाला, दुसरी दुसऱ्याला, याप्रमाणे. तक्त्यात राज्ये वर्णक्रमाने आणि चित्रात उत्तरेकडून दक्षिणेकडे मांडलेली असतील, तर केरळचा आकडा बिहारच्या आकारावर जाऊन बसू शकतो. संगणक चुकीची सूचना देत नाही. एकही राज्य रिकामे राहत नाही. नकाशा पूर्ण, सुबक आणि संपूर्णपणे असत्य असतो. अशा नकाशावरून कोणत्या राज्यात साक्षरतेच्या वर्गांची निकड अधिक आहे हे कोणी ठरवू लागले, तर गरजवंतांवर अन्याय होईल.

नावावरून जोडी जुळवणे हा यावरचा उपाय. परंतु नावेही बदलतात. पाँडिचेरीचे पुदुच्चेरी २००६ मध्ये झाले, उत्तरांचलचे उत्तराखंड २००७ मध्ये आणि ओरिसाचे ओडिशा २०११ मध्ये. चित्रात जुने नाव आणि तक्त्यात नवे नाव असेल, तर जोडी जुळत नाही आणि ते राज्य रंगहीन राहते. म्हणून नावाऐवजी सांकेतिक क्रमांक वापरणे अधिक सुरक्षित ठरते. २०११ च्या जनगणनेत बिहारचा क्रमांक १०, महाराष्ट्राचा २७, गोव्याचा ३० आणि केरळचा ३२ होता. अंकाने सुरू होणारे ओळखनाव शोधताना अडचण येऊ शकते, यासाठी अंकापूर्वी एखादे अक्षर जोडण्याची प्रथा आहे. जोडी जुळली नाही तर त्या राज्याला करडा रंग देऊन ‘माहिती उपलब्ध नाही’ असे स्पष्ट लिहावे. रिकामी जागा आणि अल्प प्रमाण यांची गल्लत होता कामा नये.

६. भाग फिरवणे

नकाशातील राज्ये जागच्या जागी राहतात. काही चित्रांत मात्र भाग हलवावे किंवा फिरवावे लागतात. घड्याळाचे चित्र हे त्याचे सोपे उदाहरण. मिनिटकाटा प्रत्येक मिनिटाला ६ अंश फिरतो आणि तासकाटा अर्धा अंश. काटे बारावर असताना दोघांचाही कोन शून्य मानला, तर तीन वाजून वीस मिनिटांनी मिनिटकाटा १२० अंशांवर आणि तासकाटा १०० अंशांवर असतो.

कोन बरोबर असूनही काटा भलतीकडे जाण्याचा अनुभव पुष्कळांना येतो. एसव्हीजीमध्ये फिरवण्याचे केंद्र सांगितले नाही, तर भाग चित्राच्या मोजणीच्या आरंभबिंदूभोवती, म्हणजे सामान्यतः डाव्या वरच्या कोपऱ्याभोवती फिरतो. काही लायब्ररींमध्ये तो स्वतःच्या मध्याभोवती फिरतो. घड्याळाचा काटा या दोन्हींपैकी कोठेच खिळलेला नसतो. तो तबकडीच्या केंद्राला खिळलेला असतो. म्हणून कोनाबरोबर केंद्राचे स्थानही आज्ञेत द्यावे लागते.

७. क्रम आणि बदलत्या सीमा

सदिश चित्रात जो भाग आधी लिहिलेला असतो तो आधी रंगतो आणि नंतरचा भाग त्यावर पडतो. यानमचा चिमुकला आकार आंध्र प्रदेशाच्या आधी लिहिला आणि आंध्रच्या आकारात त्यासाठी मोकळी जागा ठेवली नाही, तर यानम झाकून जाईल. निवडलेल्या राज्याची कड जाड केली, तरी तिचा काही भाग शेजारच्या राज्याखाली दडतो. अशा वेळी तो भाग क्रमात शेवटी नेतात. त्यासाठीची आज्ञा लायब्ररीत असते.

सीमा बदलतात तेव्हा सुट्या भागांचा खरा उपयोग दिसतो. २ जून २०१४ रोजी आंध्र प्रदेशातून तेलंगण वेगळे झाले. ३१ ऑक्टोबर २०१९ रोजी जम्मू-काश्मीर आणि लडाख हे दोन केंद्रशासित प्रदेश झाले. २६ जानेवारी २०२० रोजी दादरा व नगर हवेली आणि दमण व दीव हे दोन केंद्रशासित प्रदेश एक झाले. २०११ मध्ये २८ राज्ये आणि ७ केंद्रशासित प्रदेश होते. २०२० पासून २८ राज्ये आणि ८ केंद्रशासित प्रदेश आहेत. सदिश नकाशात यासाठी दोन आकार विभागावे लागले आणि दोन गट एक करावे लागले. उरलेल्या राज्यांना स्पर्शही करावा लागला नाही.

तथापि आकार विभागला म्हणजे आकडा विभागला जात नाही. २०११ चा आंध्र प्रदेशाचा आकडा अविभक्त राज्याचा आहे. तोच आकडा आजच्या दोन्ही राज्यांना लावणे चुकीचे होईल. एक तर २०११ च्या सीमांचाच नकाशा वापरावा, किंवा जिल्हावार लोकसंख्येवरून दोन्ही राज्यांचे प्रमाण नव्याने काढावे.

८. सर्वांना वाचता येणारे चित्र

प्रत्येक भागाला शीर्षक आणि वर्णन जोडण्याची सोय एसव्हीजीमध्ये आहे. पडद्यावरील मजकूर वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर दृष्टिहीन व्यक्तीला हे वर्णन ऐकवू शकते. ज्यांना काही रंगांतील भेद कळत नाही, त्यांच्यासाठी रंगाबरोबर आकडाही लिहावा. राज्यांची नावे आकृतीत रूपांतरित न करता मजकूर म्हणूनच ठेवली, तर तोच नकाशा मराठी, तमिळ, बांगला अशा कोणत्याही भाषेत दाखवता येतो.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. लायब्ररी आज्ञा पाळते. कोणता भाग कशाचा, हे तिला ठाऊक नसते. ते ज्ञान चित्र रेखाटणारी व्यक्ती भागांना नावे देताना आणि गट करताना चित्रात घालते. नावे विचारपूर्वक दिलेली असतील, तर चित्र पुढेही उपयोगी पडते; दिलेली नसतील, तर उत्तम लायब्ररीही निरुपयोगी ठरते.

तुम्ही काय शिकलात?

• बिंदुचित्र रंगीत बिंदू नोंदवते. सदिश चित्र आकारांचे वर्णन नोंदवते.
• ओळखनाव आणि गट यांमुळे चित्रातील एकच भाग निवडून बदलता येतो.
• आकडे आणि आकार यांची जोडी क्रमावरून न जुळवता निश्चित खुणेवरून जुळवावी.
• भाग फिरवताना कोनाबरोबर केंद्रही सांगावे लागते.
• सीमा बदलल्या की आकाराबरोबर आकडेवारीचाही विचार करावा लागतो.

शब्दार्थ

प्रणाली – पद्धतशीर रचना
गुणधर्म – वस्तूचे वैशिष्ट्य
श्रेयस्कर – अधिक हिताचे
अविभक्त – विभागणी न झालेले
निकड – तातडीची गरज

स्वाध्याय

१. सदिश चित्राचे खरे वैशिष्ट्य कोणते, ते रांगोळीच्या उदाहरणाने स्पष्ट करा.
२. ‘नकाशा पूर्ण, सुबक आणि संपूर्णपणे असत्य असतो.’ हे कोणत्या परिस्थितीत घडते?
३. सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटांनी घड्याळाचे दोन्ही काटे किती अंशांवर असतील?
४. आपल्या गावाचा किंवा वस्तीचा सदिश नकाशा काढायचा असल्यास त्यात कोणते भाग सुटे ठेवाल आणि कोणत्या भागांचे गट कराल, ते दहा ओळींत लिहा.